पिंपल्सचं बिल एवढं का येतं? एकेक ओळ वाचून बघू

मी डी.फार्म. आहे, कोथरूडकडे मेडिकलच्या काउंटरवर उभी असते, आणि स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आईबाप आले की बिलाचा आकडा ऐकून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अहो पिंपल्सच आहेत ना, एवढं कसलं?" शेजारी अकरावी-बारावीतला पोरगा किंवा पोरगी मान खाली घालून मोबाइलमध्ये. मग एक-दोन वस्तू बाजूला काढल्या जातात, "हे राहू द्या, पुढच्या वेळी घेऊ", आणि गंमत म्हणजे बाजूला निघते ती बहुतेक वेळा जिची खरंच गरज आहे तीच ट्यूब, कारण ती दिसायला छोटी आणि किमतीला मोठी वाटते, आणि पिशवीत जातो तो मोठा छान बाटलीतला फेसवॉश.

तर हे बिल बनतं कसं ते सांगते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, पिंपल्सची औषधं आपल्याकडे तशी महाग नाहीत, महाग आहे ते औषधांच्या आजूबाजूचं सगळं, आणि अर्धवट सोडून परत परत सुरू करणं.

नमुन्यासाठी एक महिन्याचं बिल घेऊ. आकडे ढोबळ आहेत, ब्रँडप्रमाणे वरखाली होतात, पण चित्र साधारण असंच असतं. रात्री लावायची अडापलीन जेल ३०० रुपये. सकाळची क्लिंडामायसिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल २५०. डॉक्सिसायक्लिनच्या ३० कॅप्सूल १५०. झाले ७००. आता फेसवॉश ४५०, मॉइश्चरायझर ५५०, सनस्क्रीन ७५०, हे झाले १७५०. वर झिंक-मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या ३००. एकूण २७५०. यात डॉक्टरांची फी धरलेली नाही, ती आमच्या भागात ५०० ते १०००, बाणेर-औंधकडे त्याच्याही वर जाते.

आता बघा, २७५० पैकी औषध ७०० रुपयांचं. एक चतुर्थांश. बाकीचं कॉस्मेटिक आणि सप्लिमेंट.

हे घरी ओळखायचं कसं? खोका हातात घ्या. प्रिस्क्रिप्शनच्या औषधावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते, 'आरएक्स' लिहिलेलं असतं आणि शेड्यूल एच-चा (म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीचा) इशारा बारीक अक्षरात छापलेला असतो. फेसवॉश, क्रीम, सनस्क्रीनवर यातलं सहसा काही नसतं, भले ते स्किनच्या डॉक्टरांनीच लिहून दिलेलं असेल, भले खोका पांढराशुभ्र आणि अक्षरं अगदी औषधासारखी असतील. चिठ्ठीवर सगळं एकाखाली एक, एकाच अक्षरात लिहिलेलं असतं त्यामुळे घरच्यांना सगळंच औषध वाटतं, आणि 'डॉक्टरांनी दिलंय' म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय.

बरं, किमतीच्या गणिताआधी दोन मिनिटं आजाराबद्दल, कारण त्याशिवाय पैसे कुठे वाया जातात ते कळत नाही. वयात येताना अँड्रोजन नावाची हार्मोन्स वाढतात, मुलांमध्येही आणि मुलींमध्येही, त्यामुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात. त्याच वेळी केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात मेलेल्या पेशी नीट बाहेर न पडता चिकटून बसतात आणि तेल आत अडकतं, म्हणजे मोरीच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबावं तसं. या तुंबलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू वाढतो, तो सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतो, आणि मग लाली, सूज, पू. घाण राहिल्यामुळे होतं हे खरं नाही, त्यामुळे दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन उपयोग शून्य, उलट त्वचा सोलवटते. वडापाव खाल्ल्यामुळे झालं हेही इतकं सरळ नसतं. खूप साखर-मैदा आणि काही जणांमध्ये दूध किंवा जिमची व्हे पावडर यांचा थोडाफार संबंध अभ्यासांत दिसलाय, पण पोराला ताटावर बसल्या बसल्या बोलणी घालण्याइतका तो पुरावा नाही.

महत्त्वाचं हे की आज जो पिंपल दिसतोय त्याची सुरुवात आत काही आठवडे आधी झालेली असते. म्हणून कुठलंही औषध धड कळायला आठ ते बारा आठवडे लागतात. अडापलीनसारख्या जेलने तर पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडतो, जळजळतो, कधी पिंपल्स वाढल्यासारखेही वाटतात. आणि नेमकं तिथेच लोक सोडतात. तीन आठवडे लावलं, फरक नाही, हा डॉक्टर काही बरोबर नाही, दुसरा बघू. दुसऱ्याची फी, दुसरा फेसवॉश, तेच अडापलीन दुसऱ्या नावाने. जुनी ट्यूब पाऊण भरलेली फ्रिजच्या दारात. माझ्या मते पुण्यात पिंपल्सवर सगळ्यात जास्त पैसे याच्यातच जातात.

आता औषधाच्या किमतीकडे येऊ. आपल्याकडे औषधांच्या किमती बघणारी सरकारी संस्था म्हणजे एनपीपीए, १९९७ पासून आहे, आणि तिच्या हातातला कायदा म्हणजे २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश. अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे, त्या यादीतल्या औषधाला कमाल किंमत ठरवून दिलेली असते, त्यावर कोणी विकू शकत नाही. डॉक्सिसायक्लिन त्या यादीत आहे. पण पिंपल्सची बरीचशी औषधं यादीच्या बाहेर, आणि यादीबाहेरच्या औषधाला नियम एवढाच की एमआरपी वर्षभरात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. मुळात किती ठेवायची ते कंपनीने ठरवायचं.

आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी काउंटरच्या अलीकडून रोज दिसते पण पलीकडून दिसत नाही. कमाल किंमत लागते ती यादीत जे औषध, जी ताकद, जो प्रकार लिहिलाय त्यालाच. साध्या डॉक्सीच्या कॅप्सूलला लागते. त्याच डॉक्सीच्या जोडीला लॅक्टोबॅसिलस (पोटाला चांगले असे जंतू) घातलं की ते वेगळं कॉम्बिनेशन झालं, यादीबाहेर गेलं, आणि स्ट्रिपची किंमत चढली. दोन स्ट्रिपा शेजारी ठेवल्या तर रंग सारखा, कॅप्सूल जवळपास सारखी, नावाच्या शेवटी दोन अक्षरं जास्त. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, काही पेशंटना पोटाला बरं पडतं म्हणून डॉक्टर देतात, पण ज्याला पोटाचा काही त्रास नाही त्याने साधी चालेल का एवढं विचारायला काय हरकत आहे.

दुसरं, ही बहुतेक औषधं जुनी आहेत, पेटंट कधीच संपलेत, त्यामुळे एकच सॉल्ट, म्हणजे खोक्यातलं मूळ औषध, ढिगाने कंपन्या आपापल्या नावाने विकतात. अडापलीन ०.१ टक्का म्हणजे अडापलीन ०.१ टक्का, पण एका ब्रँडची १५ ग्रॅमची ट्यूब दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला असते. मग तुम्ही म्हणाल, तुम्हीच द्या ना स्वस्तातली. इथे आमचे हात बांधलेले. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर केमिस्टला स्वतःच्या मनाने दुसरा ब्रँड द्यायची कायद्याने मुभा नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच, म्हणजे ब्रँडच्या नव्हे तर सॉल्टच्या नावाने औषध लिहावं असा नियम काढला होता, त्याच महिन्यात तो स्थगित पण झाला. त्यामुळे उपाय एकच, डॉक्टरांच्या केबिनमध्येच विचारायचं, "डॉक्टर, यातलं स्वस्त मिळणारं काही लिहून द्याल का, किंवा सॉल्टचं नाव लिहाल का?" लोकांना हे विचारायची लाज वाटते. काउंटरवर माझ्याशी वीस रुपयांवरून दहा मिनिटं हुज्जत घालतील पण आत डॉक्टरांसमोर तोंडातून शब्द नाही! बहुतेक डॉक्टर विचारलं तर लिहून देतात, खरंच.

आणि 'जेनेरिक द्या' म्हटलं की स्वस्तच मिळालं असंही समजू नका. दुकानात जे जेनेरिक म्हणून मिळतं त्यातल्या पुष्कळ स्ट्रिपांवर छापील एमआरपी ब्रँडच्या आसपास असते, दुकानदाराला ते पडतं फार कमी, मधला फरक दुकानाचा. यादीतल्या औषधावर दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं आहे, यादीबाहेरच्यावर प्रथेने २०, पण या अशा मालात त्याच्या कितीतरी पट सुटतं. म्हणून 'डिस्काउंट किती' यापेक्षा 'शेवटी हातात पडणारी किंमत किती' हे बघा. ५०० ची वस्तू ४० टक्के सूट देऊन ३०० ला, आणि तेच सॉल्ट शेजारी १५० एमआरपीला पडलेलं, असं होतं. एनपीपीएचं 'फार्मा सही दाम' म्हणून ॲप आहे, त्यात ब्रँडचं नाव टाकलं की त्याच सॉल्टचे बाकीचे ब्रँड किमतीसकट दिसतात. जनऔषधी केंद्रांसाठी 'जनऔषधी सुगम' ॲप आहे, त्यात जवळचं केंद्र आणि औषध शोधता येतं. केंद्रात चिठ्ठीतलं सगळं मिळेलच असं नाही, आधी ॲपवर सॉल्टचं नाव टाका मग गाडी काढा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तर क्रीम-सनस्क्रीनसारख्या कॉस्मेटिकवर अजून १८ आहे, म्हणजे बिलाचा जो भाग मुळात जड त्यावरच करही जड.

मेडिक्लेमचं काय हा पुढचा प्रश्न असतोच. नाही मिळत. आपल्या नेहमीच्या पॉलिसी ॲडमिट झाल्यावर पैसे देतात, ओपीडीचं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे पिंपल्सचा एकूण एक रुपया घरातून.

अमेरिकेत विमा आहे, पण तिथलं दुखणं वेगळंच. तिथे एकेका ब्रँडेड कॉम्बिनेशन जेलची किंमत काहीशे डॉलरच्या घरात जाते, विमा कंपनी म्हणते आधी स्वस्तातलं वापरून बघा, फरक पडला नाही तर डॉक्टरांनी कागद पाठवावा मग बघू. त्यातल्या त्यात २०१६ मध्ये तिथल्या एफडीएने अडापलीन ०.१ टक्का चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली, तेव्हा त्या एका औषधापुरतं लोकांचं जरा सोपं झालं. डिसेंबरमध्ये सुट्टीला आलेली मंडळी आमच्याकडे पोरांसाठी वर्षभराच्या जेल मागायला येतात, प्रिस्क्रिप्शन आणा म्हटलं की चेहरा पडतो.

असो, आपल्या बिलाकडे परत. ते जे १७५० रुपयांचं कॉस्मेटिक आहे त्याचं काय करायचं? सगळं फेकून द्या असं मी सांगणार नाही, कारण मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन या दोन गोष्टींना खरंच काम आहे. अडापलीनने, बेंझॉइलने चेहरा कोरडा पडतो, मॉइश्चरायझर नसेल तर पोरगं आठ दिवसांत जेल सोडून देतं. डॉक्सीने आणि अडापलीनसारख्या रेटिनॉइडने ऊन जास्त बाधतं, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पिंपल गेल्यावर जो काळा डाग राहतो तो उन्हाने आणखी गडद होतो आणि महिनोन्‌महिने जात नाही, म्हणून सनस्क्रीन. पण त्यासाठी साडेसातशेचीच हवी असं कुठे आहे. एसपीएफ ३० किंवा जास्त, जेलसारखी हलकी, खोक्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे छिद्रं न बुजवणारी असं लिहिलेलं, एवढं असलं की झालं. फेसवॉश तर चेहऱ्यावर अर्धा मिनिट असतो आणि बेसिनमध्ये जातो, तिथे ४५० रुपये घालण्यात मला तरी काही शहाणपणा दिसत नाही, साधा सौम्य, वास नसलेला, दिवसातून दोनदा. फेसवॉश १५०, मॉइश्चरायझर २००, सनस्क्रीन ४०० असं धरलं तर १७५० चे ७५० होतात. झिंकच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, लागतातच का, नसतील लागत तर ३०० आणखी वाचले. २७५० चं बिल १४५० वर आलं आणि औषधातलं काहीच कमी केलेलं नाही.

औषध वाया कसं जातं तेही बघून घ्या. रात्रीची जेल मुलं फक्त पिंपलवर ठिपके देऊन लावतात, जाड थर देऊन. ती पिंपल नसलेल्या जागेवर पण लावायची असते, कारण नवे पिंपल्स जिथून येणार ती छिद्रं तिथे आहेत. आणि लागते किती, तर अख्ख्या चेहऱ्याला एका मटारच्या दाण्याएवढी. तोंड धुऊन, पूर्ण कोरडं करून, पातळ. जास्त लावल्याने लवकर बरं होत नाही, फक्त जळजळ होते आणि ट्यूब संपते. मापात लावली तर १५ ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिना जाते. सुरुवातीला एक दिवसाआड लावायला डॉक्टर सांगतात ते याचसाठी. बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं, हे चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही आणि मग नवीन टॉवेलवर, निळ्या उशीच्या अभ्र्यावर पांढरे-केशरी डाग पडले की आई वैतागते, तर त्या दिवसांत पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वापरा.

क्लिंडामायसिन जेल एकटी महिनोन्‌महिने लावू नये, जंतू तिला सरावतात, म्हणून ती बेंझॉइलबरोबर देतात. डॉक्सीसारखी पोटातून घ्यायची अँटिबायोटिकं साधारण तीन-चार महिन्यांच्या वर नेत नाहीत. डॉक्सी घेताना मोठा ग्लासभर पाणी, आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. क्लासहून दमून आलेली मुलं रात्री कोरडीच कॅप्सूल गिळून झोपतात आणि दुसऱ्या दिवशी छातीत दुखतं म्हणून घाबरून ईसीजी काढायला जातात, तो खर्च आणखी वेगळा. जुनी चिठ्ठी दाखवून 'तेच परत द्या' करत वर्षभर डॉक्सी घेणारे पण येतात. आम्ही नाही म्हणतो, पुढच्या दुकानात मिळते, काय बोलणार.

आता मोठं औषध, आयसोट्रेटिनॉइन. याच्या नावानेच लोक दचकतात. 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं आहे, रोश कंपनीच्या ॲक्युटेन या नावाने १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि खोलवर गाठी येणाऱ्या, खड्डे पाडणाऱ्या पिंपल्ससाठी अजून याच्या तोडीचं काही नाही. डोस वजनावर असतो आणि पूर्ण कोर्सचा हिशेब बरेच डॉक्टर एका किलोला एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम असा धरतात. ५० किलोचं पोरगं घेतलं तर १२० च्या हिशेबाने ६००० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या ३०० कॅप्सूल, ३० स्ट्रिपा. एक स्ट्रिप १५० ची धरली तर कोर्स ४५०० ला, ३०० ची धरली तर ९००० ला. औषध तेच, कोर्स तोच, आणि ब्रँडच्या निवडीवर साडेचार हजारांचा फरक! सौम्य केसमध्ये कमी डोसही देतात, तो निर्णय डॉक्टरांचा, पण स्वस्त ब्रँडबद्दल सगळ्यात आधी कुठे विचारायचं तर इथे, कारण मामला महिन्याभराचा नसून सहा-आठ-दहा महिन्यांचा असतो.

ही कॅप्सूल उपाशीपोटी घेतली तर अंगी फार कमी लागते, तिला स्निग्ध पदार्थ लागतात. गरम वरणभातावर तूप सोडून जेवण, मग कॅप्सूल, उत्तम. डाएटच्या नादात काकडी-मुरमुऱ्यावर घेतली तर पैसे पाण्यात. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी भरपूर दाण्याचं कूट घालून असेल तर चालून जातं, हेही मला विचारून झालंय.

ओठ फुटतात, तेही जवळजवळ सगळ्यांचे, त्याला दहा-वीस रुपयांचं पेट्रोलियम जेली पुरतं, पाचशेचा लिप बाम नको. या काळात वॅक्सिंग टाळायचं, कातडी निघते. डॉक्सी आणि हे एकत्र घ्यायचं नाही. मुलगा-मुलगी गप्प गप्प झाली, उदास वाटली तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे गर्भाला हे औषध फार घातक आहे, व्यंग होतं, म्हणून औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भधारणा अजिबात चालत नाही. डॉक्टर सतरा वर्षांच्या मुलीला आईसमोर गर्भधारणेबद्दलचा प्रश्न विचारतात तेव्हा आई चमकते, पण तो प्रश्न तुमच्या मुलीबद्दल नसतो, औषधाबद्दल असतो, प्रत्येकीला विचारतात. याच कारणाने या काळात आणि नंतर महिनाभर रक्तदानही करायचं नाही, मुलांनीसुद्धा, आणि कॉलेजच्या शिबिरात हे फॉर्मवर सांगायला मुलं विसरतात.

रक्ताच्या तपासण्या म्हणजे बिलाचा अजून एक फुगणारा भाग. आयसोट्रेटिनॉइनसाठी लागतात त्या लिव्हरच्या आणि लिपिडच्या, सुरू करायच्या आधी आणि मग मध्ये. निरोगी माणसाला दर वेळी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायची गरज नाही असं अमेरिकन त्वचारोग अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लॅबवाले मात्र 'फुल बॉडी ७२ टेस्ट ऑफर' गळ्यात मारायला बसलेलेच असतात. चिठ्ठीवर जेवढं लिहिलंय तेवढंच करा.

पील (रसायन लावून वरची कातडी सोलण्याचा उपचार) आणि लेझरची पॅकेजं, सहा सिटिंग, आजच भरले तर इतके टक्के कमी... सॅलिसिलिक पीलने थोडी मदत होते, पण पिंपल्सच्या उपचाराचा कणा ती नाही, जेल आणि गोळ्या आहेत. खड्ड्यांवरचे उपचार खरे आहेत आणि महागही आहेत, पण ते पिंपल्स यायचे थांबल्यावर करायचे असतात. चेहऱ्यावर ताजे पिंपल्स फुललेले असताना कोणी खड्ड्यांच्या पॅकेजचे आगाऊ पैसे मागत असेल तर उठून घरी या.

स्वस्तातलं सगळ्यात महाग पडणारं म्हणजे मैत्रिणीने सांगितलेलं, पार्लरमध्ये मिळालेलं 'गोरं करणारं' क्रीम. शंभर रुपयांच्या आत मिळतं, त्यात स्टेरॉइड असतं, चार दिवसांत चेहरा तुकतुकीत, आणि सोडलं की लालबुंद, केस वाढलेले, वर स्टेरॉइडचे नवे पिंपल्स. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची बरीच क्रीमं शेड्यूल एच-मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतात, हे काय मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. खोक्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर पिंपल्सवर लावू नका. टूथपेस्ट आणि लिंबूही नको, भाजतं.

फीच परवडत नसेल तर पुण्यात जागा आहेत. ससूनची स्किन ओपीडी, पिंपरीत वायसीएम, आणि मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं, धनकवडीला भारती, पिंपरीत डी. वाय. पाटील, तिथे केसपेपरचे पैसे खाजगी क्लिनिकच्या मानाने फार कमी. वेळ मात्र जातो, अर्धा दिवस धरून चला, आणि लिहिलेलं सगळं आतूनच मिळेल असं नाही. विभागाच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं असतं बऱ्याच ठिकाणी, त्या पाटीखाली बसायला मुलं जीव गेला तरी तयार नसतात, ओळखीचं कोणी बघेल म्हणून. तपासतात तिथे शिकणारे डॉक्टर असतात पण वर सिनियर असतात, आणि त्यांना तुम्हाला सनस्क्रीन विकायची नसते.

फुकटातला एक उपाय खास पुण्याच्या मुलींसाठी, तो डोळ्यांपुरती फट ठेवून बांधलेला स्कार्फ. घामाने, घासण्याने हनुवटी आणि गालांवर पिंपल्स वाढतात. बांधायला हरकत नाही, धूळ आणि ऊन अडतं, पण सुती हवा आणि रोज धुतलेला, डिकीत आठवडाभर कोंबलेला नको. हेल्मेटच्या आतलं पॅडिंगही निघतं, धुता येतं.

आणि एका ठिकाणी काटकसर करू नका. गाठी येत असतील, दुखत असतील, खड्डे पडायला लागले असतील, घरात आईला किंवा वडिलांना खड्डे असतील, तर 'वय आहे, जाईल आपोआप' म्हणत दोन वर्षं थांबू नका, कारण खड्डा एकदा पडला की तो भरायचा खर्च हजारांच्या पटीत जातो आणि पूर्ण भरत नाहीच. मुलीची पाळी पुढेमागे होत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर पीसीओएस, म्हणजे मुलींमधला हार्मोन्स बिघडण्याचा त्रास, आहे का ते बघायला लागतं, तिथे नुसत्या जेल बदलत बसून काही होणार नाही, डॉक्टरांना पाळीबद्दल आपणहून सांगा, ते विचारतीलच याची वाट बघू नका. पुढच्या व्हिजिटला जाताना जुन्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून घेऊन जा, रिकाम्या, अर्ध्या, सगळ्या, म्हणजे तेच सॉल्ट तिसऱ्या नावाने परत लिहून यायचं नाही.